मदत हवी आहे: एक्सपीच्या कॉम्प्युटरवरून विंडोज ११ वर फायली कशा घ्याव्यात?

नमस्कार मंडळी. बाबांच्या डीटीपीच्या (छपाईसाठी मजकूर मांडण्याच्या) कॉम्प्युटरवर अजून विंडोज एक्सपी आहे. त्यात पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या जवळपास ४० जीबी फायली आहेत. लग्नपत्रिका, स्मरणिका, गावच्या वाचनालयाचे अंक. त्यांची २० वर्षांची मेहनत आहे ती, एकही फाइल गमवायची नाही.

माझा विंडोज ११ चा लॅपटॉप आणि तो कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडलेत, वर्कग्रुपचं नाव सारखं केलंय, पिंगही जातो (म्हणजे दोघांचा संपर्क होतो). पण शेअर केलेला फोल्डर लॅपटॉपवर उघडतच नाही. एक्सपीला फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फायली शेअर करायची जुनी पद्धत) कळतं आणि नव्या विंडोजमध्ये ते बंद असतं, एवढं समजलं. ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करता येतं, पण २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता, त्यामुळे हात धजावत नाही.

राउटरची इंटरनेटची वायर काढून एसएमबी १ तेवढ्यापुरतं चालू केलं तर चालेल का? की एक्सपीवर एफटीपी (फायली पाठवायची दुसरी पद्धत) सर्व्हर टाकणं बरं? त्यात फायलींची देवनागरी नावं बिघडतील का? पेनड्राइव्ह लावून पाहिला, पण यूएसबी पोर्टचं कनेक्शन मध्येच तुटतं. हार्ड डिस्क आयडीई (जुन्या प्रकारच्या जोडणीची) आहे आणि हल्ली आवाज करते, म्हणून ती काढायचीही भीती वाटते.

कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.