वाचायचं म्हटलं की उठून जाणारं मूल: तुमच्या घरी काय उपयोगी पडलं?

प्रतापनगरची आई (धागाकर्ती)
सुट्ट्या लागल्या. नागपुरात पारा ४५ च्या आसपास, दुपारभर पोरं कूलरसमोर. माझी लेक चौथीत, इंग्रजी माध्यमात. मी मराठी गोष्ट वाचून दाखवली तर तासभर ऐकते. पुस्तक हातात दिलं की "तूच वाच न". वाचनाचे फायदे सांगू नका, ते मान्यच आहेत. तुमच्याकडे नेमकं काय घडलं ते लिहा.

मानेवाड्याचे बाबा
आमच्याकडे रणजी करंडक कामी आला. २०२४-२५ चा अंतिम सामना जामठ्याच्या मैदानावर, विदर्भ विरुद्ध केरळ. सामना अनिर्णित राहिला आणि करंडक विदर्भाला मिळाला. लेकाला हे पटेचना. "जिंकलो नाही तर कप कसा?" मी म्हटलं, उद्या पेपरात असेल, बघ. सकाळी तो फाटकाशी उभा. 'पहिल्या डावातील आघाडी'मुळे कप मिळाला, हे त्यानं अडखळत, पण स्वतः वाचलं. मग धावफलक, मग हर्ष दुबेनं त्या मोसमात ६९ बळी घेतल्याची बातमी. आता खेळाचं पान आधी त्याला लागतं. गोष्टीच्या पुस्तकाला अजून हात लावत नाही आणि मीही मागे लागत नाही. त्याला काहीतरी जाणून घ्यायचं असतं म्हणून तो वाचतो, मला तेवढं पुरे आहे.

महालातली आजी
नातीले पुस्तक नको, पाट्या पाहिजे. मारबतीची मिरवणूक पाहाले गेलो की बडग्यांवरच्या, म्हंजे त्या पुतळ्यांवरच्या, पाट्या तिनंच वाचाच्या. मिरवणूक पुढं सरकाच्या आत वाचून सांगते, "आजी, हा महागाईवर हाये!" माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवा पोथी तिनंच वाचून दाखवली. अडली तिथं मी शब्द सांगे, चूक काढत नव्हती. आजीचं काम आपल्यावाचून अडलं हे तिले समजत होतं, अन् ते खरंच अडलं होतं.

शिक्षिका, हिंगणा रोड
आधी डोळे तपासून घ्या. 'कंटाळा करतो' म्हणून ज्यांची तक्रार येते, त्यांतल्या काहींना अक्षर नीट दिसतच नसतं. नजर ठीक आहे, मूल तोंडी गोष्ट झकास सांगतं, पण ओळखीची अक्षरंही महिनोन्महिने अडतात, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करा. अशा मुलाला नुसतं 'अजून वाच' म्हणत राहणं क्रूर आहे.

ताई, तुमच्या लेकीचं वेगळं वाटतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना पहिली वेलांटी गोंधळवते: दिसते अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. त्यात रफार, जोडाक्षरं. चौथीतली मुलगी चौथीच्या गोष्टी समजते, पण वाचू शकते पहिलीच्या. म्हणून ती तुम्हाला वाचायला सांगते. तिला मोठ्या टायपाचं, पानावर दोन-तीन ओळींचं द्या. स्टोरीवीवर या वेबसाइटवर पातळीनुसार मराठी गोष्टी फुकट आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही नेटवर मिळतात. ते थोडं नंतर. आणि वाचून दाखवणं बंद करू नका. एक ओळ तिची, पान तुमचं.

इंदोऱ्याचा बाप
अशोक विजयादशमीला आम्ही दीक्षाभूमीवर जातो. पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगाच रांगा असतात. घरची पद्धत अशी की प्रत्येक पोरानं आपलं पुस्तक आपण निवडायचं, पैसेही आपल्या हातानं द्यायचे. मोठा दहा वर्षांचा असताना त्यानं बाबासाहेबांच्या भाषणांचं जाडजूड पुस्तक उचललं. स्टॉलवालाही म्हणाला, लहान मुलांचं घे. मी त्याला तेच घेऊ दिलं. तेव्हा त्यानं फक्त फोटो पाहिले आणि पहिल्या पानावर नाव टाकलं. आज नववीत आहे, पेन्सिलनं खुणा करत तेच वाचतो. धाकटीनं चित्रकथा घेतली होती, ती बसमध्येच संपली. दोघांनाही आम्ही 'काय समजलं?' असं विचारत नाही. माझ्या आजोबांना शाळा मिळाली नाही. त्यांची पणतवंडं रांगेत उभी राहून पुस्तक निवडतात, याचा मला फार अभिमान आहे.

प्रतापनगरची आई
शिक्षिकाताई, आजच मोठ्या टायपाचं शोधते. दादा, पैसे किती द्यायचे ते आधी ठरवता का?

इंदोऱ्याचा बाप
हो, दोघांना सारखेच. उरले तर त्यांचे. म्हणून आधी सगळे स्टॉल फिरतात, मागचं पान वाचतात, किंमत पाहतात, मग घेतात.