मदत हवी आहे: गावचं घर पर्यटकांना भाड्याने द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

समीर_डोंबिवली
नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा. गावी घर रिकामं पडलंय, समुद्र जवळ आहे, मित्र म्हणतो होमस्टे टाक, महिन्याला तीस-चाळीस हजार कुठे गेले नाहीत. मला मेच्या सुट्टीआधी सुरू करायचंय. परवानगी नक्की कोणाची लागते, टॅक्सचं काय आणि अ‍ॅपवर टाकू की नको? यूट्यूबवर बघितलं तर जो तो आपला कोर्स विकायला बसलाय. प्लीज मोघम नको.

वाडीवाला
अहो पण गाव कुठलं? तारकर्लीचं गणित वेगळं, श्रीवर्धनचं वेगळं. आणि समुद्र जवळ म्हणजे वाडीतून उतरलं की वाळू, की बाईकवर वीस मिनिटं? खोल्या किती, संडास आत आहे की परसात, आणि मुख्य म्हणजे तिथे राहतं कोण?

समीर_डोंबिवली
गुहागर, खालचा पाट. मागचं दार उघडलं की वाडी आणि वाडी संपली की पुळण. चार खोल्या, माजघर, पडवी. संडास बाहेर आहे पण दोन अटॅच बांधून घेणारे समुद्राकडच्या अंगाला. राहत कोणी नाही, किल्ली शेजारी असते. परवानगीचं सांगा ना कोणीतरी.

टेम्सकाठचा
आमच्याकडे लंडनला अख्खं घर असं द्यायचं तर वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे, त्यापुढे प्लॅनिंगची परवानगी लागते. भारतातही असं काहीतरी यायला हवं, नाहीतर शहरात राहायला घरं उरणार नाहीत.

वाडीवाला
साहेब, गुहागरात राहायला माणसं उरली नाहीयेत, घरं ढीगभर आहेत.

नीलाक्ष
समीर, राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घे, निवास-न्याहारी योजना बघ. घरपट्टीचा उतारा नगरपंचायतीतून काढ. जेवण देणार असशील तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती सरकारला चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवायची, हे लोक सर्रास विसरतात. पण एक लक्षात घे, केंद्राची जी बी अँड बी (निवास-न्याहारी) योजना आहे तिच्यात मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असावं अशी अट आहे, बंद घराला ती लागू नाही. आणि ते समुद्राकडचं बांधकाम आत्ता थांबव. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, नावाचं प्रकरण आहे, झोन तीनमध्ये, म्हणजे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला सहसा परवानगी नसते.

घाटवळण
२०० मीटर ते ग्रामीण भागाला. गुहागरला नगरपंचायत आहे, झोन दोन, म्हणजे शहरी भाग असेल तर नियम वेगळे. उगाच घाबरवू नका लोकांना.

नीलाक्ष
नगरपंचायत झाली म्हणून झोन आपोआप बदलत नाही हो, मंजूर नकाशात काय रंग आहे ते बघावं लागतं. आणि घाबरवत नाहीये, उलट सीआरझेडच्याच अधिसूचनेत स्थानिकांना सवलतही आहे, आहे त्या घराचं जोतं आणि दर्शनी रूप न बदलता होमस्टे चालवता येतो. म्हणजे संडास आतल्याच एखाद्या खोलीत पार्टिशन टाकून काढलास तर कदाचित भानगडच नाही. शोषखड्डा विहिरीपासून लांब घे मात्र.

मृण्मयी_के
मी वेगळंच सांगते. व्यवसाय बायकोच्या नावावर सुरू कर. महिलांसाठी पर्यटनाचं 'आई' धोरण आहे ना २०२३ चं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार परत देतं, १२ टक्क्यांच्या मर्यादेत आणि सात वर्षं किंवा साडेचार लाख जे आधी होईल तोपर्यंत. माझ्या नणंदेने याच धोरणातून केलंय, मस्त चाललंय तिचं.

समीर_डोंबिवली
कर्ज काढायचंच नाहीये मला. आणि लग्न झालेलं नाही.

मृण्मयी_के
मग आईच्या नावावर कर.

आकडेमोड
टॅक्सबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाख होईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही आणि चार खोल्यांत ती होणार नाही. अ‍ॅपवरून बुकिंग आलं आणि तुम्ही नोंदणीकृत नसाल तर जीएसटी अ‍ॅपवाल्यानेच भरायचा असतो, साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय, आधी १२ होता. अ‍ॅपवाले ०.१ टक्के टीडीएस कापतात पण त्यांच्याकडून वर्षाला पाच लाखांच्या आत मिळत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर व्यक्तीला तोही नाही. पॅन देऊन ठेवा. उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं ते धंद्याचं म्हणून, घरभाडं म्हणून नाही, कारण तुम्ही चादरी, साफसफाई, नाश्ता सगळं पुरवताय. त्याचा फायदा असा की केअरटेकरचा पगार, लाइटबिल, दुरुस्ती हे खर्च वजा करता येतात. बिलं जपा. आणि घर कोणाच्या नावावर आहे ते अजून कळलं नाही.

खुळखुळा
एवढी कटकट कशाला, घर विका आणि पैसे म्युच्युअल फंडात टाका, झोपून व्याज खा.

वाडीवाला
म्युच्युअल फंडात व्याज नसतं. आणि वाडी विकायला सांगणाऱ्याला आम्ही चहासुद्धा विचारत नाही.

वाडीवाला
समीर, आता कमाईचं ऐक, कारण तीस-चाळीस हजार दरमहा हे डोक्यातून काढायला हवं. आमची दिवेआगरला तीन खोल्यांची सोय आहे. दिवाळी, नाताळ ते एक तारीख, मे आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, एवढ्यावर वर्ष काढायचं असतं. जून ते ऑगस्ट जवळपास शून्य, आणि त्याच वेळी कौलं फुटणार, वाळवी लागणार, गाद्यांना बुरशी येणार. अ‍ॅपचं कमिशन पंधरा टक्क्यांच्या आसपास धर. म्हणून मी अ‍ॅपवर फक्त पहिलं गिऱ्हाईक घेतो, जाताना नंबर देतो, पुढच्या वेळी माणूस सरळ फोन करतो. पैसा खोलीत नसतोच, तो जेवणात असतो. घावणे, सोलकढी, मोदक, संध्याकाळी मासे, आणि हे करायला घरात माणूस पाहिजे. किल्ली शेजारी ठेवून हा धंदा होत नाही. रात्री अकराला पंप बंद पडला की पाहुणा तुला डोंबिवलीला फोन करणार, तू काय करणार? वेळासला कासवं बघायला लोक जातात तिथे बघून ये एकदा, गावकऱ्यांच्या राहत्या घरांत उतरतात, घरातली बाई जेवायला वाढते. फर्निचर काही नाही, तरी हंगामात जागा मिळत नाही.

मृण्मयी_के
मासे ठेवले तर शाकाहारी कुटुंबं येत नाहीत. नणंद फक्त शाकाहारी ठेवते.

वाडीवाला
समुद्रावर येऊन वांग्याची भाजी खायची? ज्यांना हवी त्यांना आम्ही वेगळ्या भांड्यात करून देतो, पण मासे बंद करायचे म्हणजे अर्धं गिऱ्हाईक गेलं.

मृण्मयी_के
तुमचं जाईल, तिचं नाही गेलं. आणि माशांच्या मागे दारूही येते हे लिहा की.

घाटवळण
बाय द वे दापोलीकडून येताना दाभोळ-धोपावे फेरीबोट शेवटची किती वाजता असते सध्या? गाडी घेऊन जायचंय शनिवारी.

नीलाक्ष
आकडेमोड यांनी विचारलेलं राहिलंच. समीर, घर कोणाच्या नावावर?

समीर_डोंबिवली
आजोबांच्याच नावावर आहे अजून. बाबा आणि दोन काका. एक आत्या पण आहे, पण ती कशाला काही म्हणणार.

आकडेमोड
आत्याचाही हक्क आहे, ती काही म्हणो न म्हणो. आधी वारसनोंद करा, मग सगळ्यांचं संमतीपत्र स्टॅम्पपेपरवर, त्यात उत्पन्न कोणाचं आणि खर्च कोण करणार हे स्वच्छ लिहा. त्याशिवाय बाथरूमला एक वीटही लावू नका, उद्या वाटणी झाली आणि ती खोली काकांकडे गेली तर पैसे कोणाकडे मागणार? नोंदणीच्या अर्जालाही मालकीचा कागद जोडावा लागतो.

समीर_डोंबिवली
मोठ्या काकांना फोन केला आत्ता. ते म्हणतात धंदा काढायचा तर आधी वाटण्या करू, आणि गणपतीत घर मोकळं पाहिजे म्हणजे पाहिजेच. मे तर गेलाच मग. वाटणीचं इथेच विचारू की नवीन धागा काढू?

वाडीवाला
गणपतीत मोकळं ठेवाच, त्यात ते बरोबर बोलतायत. वाटणीसाठी नवीन धागा काढा, इथे मासेवाले आणि वांगीवाले भांडतायत. आणि शेजारी किल्ली ठेवणारे आहेत त्यांना विचारा, पगारावर घर सांभाळतील का. त्यांनी नाही म्हटलं तर काकांनी हो म्हणूनही काही होणार नाही.

घाटवळण
फेरीबोटीचं कोणी सांगेल का?