नवी छोटी गाडी, पण ॲव्हरेज फारच कमी. काय तपासू?

मंडळी, मदत हवी आहे. १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे, मॅन्युअल गिअर. कंपनी म्हणते लिटरला २० च्या वर, हातात पडतंय जेमतेम १२-१३. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो, तेवढा मिळणार नाही हे धरूनच चाललो होतो. पण इतका फरक?

मोजलंय टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. नोझल पहिल्यांदा बंद पडलं की थांबायचं, वर टपटप भरायचं नाही. डॅशबोर्ड १५ दाखवतो, पण त्याच्यावर माझा भरवसा कमीच.

हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरलेली. गाडी न्यूट्रलला हलक्या उतारावर आपोआप सरकते, म्हणजे ब्रेक धरत नसावेत.

शंका आहे ती वापराची. रोजचं अंतर चार-पाच किलोमीटर, मध्ये सिग्नलच सिग्नल, एसी चालू. इंजिन नीट तापायच्या आत मुक्कामी पोचतो, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या, आपोआप वाढेल." हे ते सगळ्यांनाच सांगत असावेत.

अशा छोट्या फेऱ्यांत तुम्हाला किती पडतं? सर्व्हिसिंगनंतर खरंच फरक पडला का? थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला असेल तर गाडीला जोडायच्या स्कॅनरवर कूलंटच्या तापमानावरून कळेल ना? आणि पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटल्या कृपया कोणी सुचवू नका.