जुनी सेमी-ऑटो शिकारी रायफल: उघडून नेमकं कुठे बघायचं?

रानवाट:
अमेरिकेत जुन्या बाजारातल्या तीन रायफली बघायच्या आहेत. रेमिंग्टन ७४२ वुड्समास्टर (.३०-०६), रेमिंग्टन मॉडेल ८१ (.३५ रेमिंग्टन) आणि बेल्जियममध्ये बनलेली ब्राउनिंग बीएआर (.२७०). तिन्ही बाहेरून देखण्या आहेत, ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) टिकलंय, लाकूडही चांगलं. वापर हरणाच्या हंगामापुरता, वर्षाला एक-दोन डबे काडतुसं, बस्स.
बोल्ट-अ‍ॅक्शन (दर वेळी हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायची) कशी पारखायची ते ठाऊक आहे. पण सेमी-ऑटोत (गोळी उडाल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणारीत) आतून काय झिजतं, कुठली झीज दुरुस्त होते आणि कुठली दिसली की रायफल परत ठेवून द्यायची, हे जाणकारांनी सांगावं. उत्पादनाचं साल कसं ओळखायचं तेही.

घडीव पोलाद:
आधी ७४२ बद्दल, कारण फसायची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त. १९६० ते १९८० या काळात या रायफली प्रचंड संख्येने बनल्या. बहुतेकींचे बाहेरचे रूप छान असते, कारण वर्षातले पन्नास आठवडे त्या कपाटात असतात. बाहेरच्या चकाकीला शून्य गुण द्या.

मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून धरा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीनेही तपासा. मग काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून टॉर्चचा तिरपा उजेड आत टाका. रिसिव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या पोलादी पेटीच्या) आतल्या भिंतींवर बोल्ट ज्यांच्या आधाराने मागेपुढे सरकतो त्या कडा (रेल) दिसतील. लांब, सरळ, गुळगुळीत चकाकी असेल तर ती साधी वापराची खूण समजा. त्या चकाकीला आडव्या जाणाऱ्या, जवळजवळ बसलेल्या बारीक खाचा असतील तर सावध व्हा. लाकडी टूथपिक रेलवरून हळू फिरवा. निरोगी रेलवर ती सरकत जाते. बिघडलेल्या रेलवर कंगव्याच्या दातांवरून नेल्यासारखी टकटक करत अडखळते.

असं का होतं? ७४२ चा बोल्ट-हेड नळीच्या मागच्या भागात फिरून कुलूपबंद होतो. गोळी सुटल्यावर तो उलटा फिरून मोकळा होतो आणि त्यानंतर न फिरता सरळ मागे जायला हवा. त्याला सरळ ठेवायचं काम या पातळ कडांचं. दर फैरीला बोल्टचे लग (कुलूप लावणारे दात) त्यांच्यावर आपटतात. वंगण नसेल, आत काजळी असेल किंवा काडतूस जास्त जोराचं असेल तर आपटणं वाढतं आणि खाचा पडतात. खाचा खोल झाल्या की लग त्यांच्यात अडकतो, बोल्ट-हेड वेळेआधी फिरू पाहतो आणि रायफल अर्ध्यात अडते. यावर खरा इलाज नाही. अनुक्रमांक असलेला भाग म्हणजे रिसिव्हरच, तो बदलणं म्हणजे दुसरी रायफल घेणं. बारीक दगडाने कंगोरे घासून थोडा वेळ मिळतो, गेलेलं पोलाद परत येत नाही. पहिली बारीक चाहूल असेल तर वर्षाला वीस-चाळीस फैरींचा माणूस ती बरीच वर्षं वापरू शकतो. पण किंमत त्याच हिशोबाने द्या.

दुसरी जागा चेंबर. सेमी-ऑटोत अडकलेली पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं पितळी आवरण) सोडवायला बोल्ट-अ‍ॅक्शनसारखा हाताचा जोर नसतो. चेंबरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर गोळी सुटताना पितळ फुगून त्या खड्ड्यांत रुतून बसतं. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) मग एकतर घसरतो, नाहीतर पुंगळीचा काठच फाडून नेतो. विकणाऱ्याकडे याच रायफलीतून उडालेल्या दोन-चार पुंगळ्या मागा. अंगावर पुरळ उठल्यासारखे उंचवटे आणि काठावर ओढल्याची खूण दिसली तर चेंबर खड्ड्यांचं आहे, मग नळी आतून आरशासारखी असली तरी. अडकण्याचा दोष लोक मॅगझिनला देतात. बऱ्याचदा गुन्हेगार चेंबर असतं.

नुसता मळ असेल तर काम सोपं. नळीचा ब्रश चेंबरला पुरत नाही, व्यास कमी पडतो. चेंबरचा वेगळा ब्रश घ्या, सॉल्व्हंट लावून आत घालून गोल फिरवा, मग कोरड्या कापडाने पुसा. रायफल ठेवताना चेंबरला तेलाचा पुसट हात हवा, पण वापरण्याआधी तो पूर्ण पुसून काढा. ओल्या चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर उलटा भार वाढतो.

शेवटचं, पुढच्या दस्त्याचा (नळीखालच्या लाकडाचा) स्क्रू. तो ढिला असेल तर गोळ्या विखुरतात आणि लोक उगाच नळीला नावं ठेवतात.

चौकस:
मॉडेल ८१ वर लिहितो, कारण हे यंत्रच निराळं आहे आणि ७४२ चे नियम इथे लागू पडत नाहीत. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी या रचनेचं पेटंट १९०० साली घेतलं. रेमिंग्टनने ती १९०६ मध्ये बाजारात आणली, १९११ पासून तिला मॉडेल ८ म्हणू लागले. १९३६ मध्ये तिचंच सुधारलेलं रूप मॉडेल ८१ म्हणून आलं आणि १९५० पर्यंत चाललं. उजव्या बाजूचा तो लांबलचक सेफ्टीचा खटका बघून अनेकांना कलाश्निकोव्ह आठवते.

७४२ चा बोल्ट दारूच्या गॅसने मागे जातो, इथे गॅस नाही, गोळीच्या धक्क्याचंच बळ वापरतात. नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत दोन्ही पूर्ण अंतर मागे जातात. मग बोल्ट मागेच थांबतो, नळी सुटून पुढे परतते, पुंगळी बाहेर पडते आणि शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. बाहेरून दिसणारी जाड नळी ही नळी नव्हेच, ते जॅकेट. खरी नळी त्याच्या आत स्प्रिंगसह सरकते.

म्हणून पहिली तपासणी जॅकेटची. बोटांनी संपूर्ण लांबी चाचपून बघा, मग उजेडाकडे धरून कडेने नजर टाका. नखाएवढा खड्डा किंवा किंचित वाक असला तरी आतली नळी घासते आणि जागेवर परतत नाही. साइट (नेम धरायच्या खुणा) जॅकेटवर बसवलेल्या असतात, नळीवर नाहीत. त्यामुळे तोंडाकडच्या बुशिंगमध्ये (नळी ज्यातून सरकते त्या कड्यात) नळी ढिली झाली असेल तर नेम कितीही धरा, गोळ्या एका जागी पडणार नाहीत.

दुसरं, स्प्रिंग. सत्तर-ऐंशी वर्षांच्या स्प्रिंगवर विश्वास ठेवू नका. त्या थकल्या की दर फैरीला पोलाद पोलादावर आदळतं. खूण बघायची तर मागच्या दस्त्यात, रिसिव्हरचा शेपटीसारखा भाग लाकडात शिरतो तिथे. तिथे बारीक उभी भेग असेल तर ती पडल्याने गेलेली असेल असं समजू नका, हा मार मागे पोचतोय. स्प्रिंग बदलता येतात, भेगेत गोंद भरता येतो. हे दुरुस्तीतलं आहे.

तिसरं, सुटी होण्याची जागा. पुढचा दस्ता काढल्यावर नळीचा संच रिसिव्हरपासून वेगळा होतो. पुन्हा जोडून घट्ट केल्यावर त्या सांध्यात डुगडुग अजिबात नको.

मॅगझिन पोटातलं, पाच काडतुसांचं, सुटं निघत नाही. त्यामुळे ही रायफल रिकामी आहे की नाही ते बोल्ट उघडून, आत बोट घालूनच ठरवायचं.

.३५ हे कॅलिबर मिळतंय ही जमेची बाजू. कारखान्यात अजून बनतं. याच रायफली .३० आणि .३२ रेमिंग्टनमध्ये, आणि मॉडेल ८ तर .२५ मध्येही निघाली. ती काडतुसं हंगामाच्या तोंडावर शोधत बसण्यात अर्थ नाही. .३० रेमिंग्टनची ताकद .३०-३० एवढीच, पण .३०-३० च्या बुडाला बाहेर आलेला काठ आहे, ते इथे चालत नाही.

एक विनंती: साइटसाठी किंवा दुर्बिणीसाठी रिसिव्हरला नवी भोकं पाडू नका. अमेरिकेच्या संघीय नियमात ‘क्युरिओ अँड रेलिक’ (संग्राहकांचं जुनं शस्त्र) या दर्जासाठी शस्त्र किमान ५० वर्षं जुनं आणि मूळ स्थितीत असावं लागतं. आधीच भोकं असतील तर संग्राहकाची किंमत देऊ नका, शिकाऱ्याची द्या.

अक्रोड:
तिघींत यांत्रिकदृष्ट्या सगळ्यात भक्कम बीएआर. १९६७ पासूनची. गॅस-पिस्टन, सात लगांचा फिरता बोल्ट, मॅगझिन खाली बिजागरीवर उघडणारं. पिस्टन कोरडा स्वच्छ ठेवा. तिथे तेल घातलं की ते जळून कडक काजळी होते. एवढी काळजी घेतली की ही रायफल त्रास देत नाही.

धोका पोलादात नाही, लाकडात आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते सत्तरच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच ब्राउनिंगमध्ये अक्रोडाचं लाकूड मिठात मुरवून लवकर सुकवलेलं होतं. मीठ लाकडातच राहिलं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि लाकडाला टेकलेलं पोलाद आतून खातं. बाहेरून काहीच दिसत नाही, हीच तर अडचण.

बटप्लेटचे (खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू काढा. जुना स्क्रू तेलकट, काळसर निघायला हवा. भुसभुशीत नारिंगी गंज धरलेला निघाला की संशय पक्का. पट्ट्याच्या कडीचा स्क्रूही तसाच बघा. मग पुढचा दस्ता उतरवून नळीच्या पोटाची बाजू, आणि लाकूड-पोलाद जिथे भेटतं ती संपूर्ण रेघ. खात्री हवी असेल तर बटप्लेटखालच्या उघड्या लाकडावर एक टक्का सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका: दुधासारखं पांढरं झालं तर मीठ आहे. हातमोजे घाला, कातडीवर काळे डाग पडतात.

मीठ निघालं तर पॉलिश किंवा सीलर लावून फायदा नाही, लाकूडच बदलायचं. गंज वरवरचा असेल आणि नवं लाकूड बसवायची तयारी असेल तर घ्या. नळीला खोल खड्डे असतील तर नको.

रानवाट:
खूप उपयोगी. चाप आणि सेफ्टी गोळी न उडवता तपासता येतात का? आणि ७४२ मध्ये किती वजनाची गोळी?

घडीव पोलाद:
येतात, आणि तपासल्याशिवाय घेऊच नका. चेंबरमध्ये स्नॅप-कॅप (सरावाचं नकली काडतूस) घाला, तोंड सुरक्षित दिशेला. सेफ्टी लावून चाप जोरात दाबा, काही व्हायला नको. चाप सोडा, मग सेफ्टी काढा. त्या क्षणी घोडा (फायरिंग पिनवर आदळणारा हातोडा) पडला तर सेफ्टी झिजलेली आहे. आता चाप दाबून घोडा पाडा आणि चाप दाबलेलाच ठेवून बोल्ट पूर्ण मागे ओढून झटक्यात सोडा. घोडा पडता कामा नये. चाप हळूहळू सोडा, बारीक ‘टक’ ऐकू येईल, तेव्हाही घोडा चढलेलाच हवा. पुन्हा दाबल्यावर पडावा. हे दहा वेळा करा. एकदा जरी घोडा बोल्टच्या मागोमाग गेला तरी ती रायफल एका दाबात दोन गोळ्या सोडू शकते. ती गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) जाईपर्यंत भरायची नाही. हेडस्पेसही (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) त्याच भेटीत गेजने बघून घ्या: ‘गो’ वर बोल्ट बंद व्हावा, ‘नो-गो’ वर होऊ नये.

.३०-०६ मध्ये १५० ते १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी कारखान्यातली काडतुसं. जास्त वेगाची, जास्त दाबाची नकोत. रेलला मार तिथूनच बसतो.

शोधताना विंचेस्टर मॉडेल १०० (१९६१-७३) समोर आली तर आधी एकच विचारा: फायरिंग पिन बदलली आहे का? मूळ पिन तुटून बोल्ट कुलूपबंद व्हायच्या आत गोळी उडू शकते, म्हणून कंपनीनेच ती परत मागवली होती. जुनी पिन असलेली रायफल चालवायची नाही.

चौकस:
सालाचं राहिलं. रेमिंग्टनच्या नळीवर डाव्या बाजूला, रिसिव्हरजवळ दोन बारीक अक्षरं असतात. पहिलं महिन्याचं. जानेवारी ते डिसेंबर अशा क्रमाने: बी, एल, ए, सी, के, पी, ओ, डब्ल्यू, डी, ई, आर, एक्स. त्यानंतरचं सालाचं: १९६० जी, १९६१ एच, १९६२ जे, १९६३ के, १९६४ एल, १९६५ एम, १९६६ एन, १९६७ पी, १९६८ आर. म्हणजे ७४२ वर ‘ओ-पी’ असेल तर जुलै १९६७. मॉडेल ८१ मध्ये १९३६ ला ई, १९४२ ला एल, आणि १९४३ पासून दुहेरी अक्षरं: १९४६ आर-आर, १९५० डब्ल्यू-डब्ल्यू. हे साल नळीचं असतं. अनुक्रमांकाशी मेळ बसला नाही तर नळी बदललेली आहे, मग का बदलली ते विचारा.

आणि पैसे देण्याआधी आपल्या राज्याचे शिकारीचे नियम वाचा. पेनसिल्व्हेनियात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला सेमी-ऑटो रायफल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नाही. तिथले लोक म्हणूनच ७४२ ची पंप-अ‍ॅक्शन बहीण, पुढचा दस्ता हाताने मागेपुढे करून भरायची रेमिंग्टन ७६०, वापरतात.