स्विंडनची सिव्हिक पुण्यात आणता येईल का?

स्विंडनकर:
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं इंग्लंडात काढून आम्ही मे महिन्यात कायमचे पुण्याला परततोय. माझी होंडा सिव्हिक बरोबर आणायची आहे. मी होंडाच्या स्विंडनच्या कारखान्यात क्वालिटीत होतो. जुलै 2021 मध्ये तो बंद झाला. ही गाडी त्याच वर्षीच्या मार्चमधली, आमच्याच लाइनवरून उतरलेली. स्टिअरिंग उजवीकडेच आहे. घरसामानाच्या कंटेनरमध्ये घालता येईल का? ड्युटी किती बसेल?

कोथरूडचे नाना:
गाडीवर तुमचा जीव आहे हे कळतंय, म्हणून आधीच स्पष्ट सांगतो: ही येणार नाही. वापरलेली गाडी बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते. तुमच्या नावावर कधी चढली ते बघत नाहीत. आणि परतणाऱ्यांना घरसामानावर जी सवलत मिळते, तिच्यात गाडी मोडत नाही.

मी सिंगापूरहून दोन वर्षांची टोयोटा आणली होती. वापरलेली गाडी मुंबई बंदरातच उतरवावी लागते. माझ्या वेळी ड्युटीचा मूळ दरच 125 टक्के होता, बाकीचे कर त्यावर. परदेशातून गाडी निघण्याआधीच तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. माझा एजंट म्हणाला, नंतर बघू. त्या एका कागदापायी गाडी बंदरात बावीस दिवस अडकली आणि रोजचं भाडं चढत गेलं. मग एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेची चाचणी. आरटीओत चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, तर पहिला ठसा पुसट. दुसऱ्यात शेवटचे चार आकडे नीट उमटले, तेव्हा कुठे नोंदणीचा फॉर्म 20 पुढे सरकला. आपल्याकडे आयात गाडीला 20 टक्के रोड टॅक्स आहे, तोही धरा.

मृदुला:
कुणी कार्नेवर, म्हणजे ड्युटी न भरता तात्पुरती गाडी आणायच्या परवान्यावर, आणायला सुचवेल, पण ते प्रवाशांसाठी आहे. सहा महिन्यांत गाडी परत न्यावी लागते. कायमचं येणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

स्विंडनकर:
नाना, मनापासून आभार. शिपिंगवाल्याला उद्या ॲडव्हान्स देणार होतो, तो थांबवला. बायकोला आत्ताच सांगितलं, ती बराच वेळ गप्प बसली. आता विकायचीच, तर आमच्या लाइनवरच्याच कुणाला तरी देईन. बरेच जण अजून इथेच राहतात. आज रात्री त्यांच्या ग्रुपवर फोटो टाकतो.