मुलीचं जुनं सामान कमिशनवाल्या सेलमध्ये द्यावं का? (नाशिक)

इंदिरानगरची_आई
नमस्कार मंडळी. लेक आता चार वर्षांची झाली आणि घरात तिच्यापेक्षा तिचं सामानच जास्त झालंय. प्रॅम, हाय चेअर, कार सीट, तीनचाकी सायकल आणि कपड्यांच्या दोन मोठ्या पिशव्या. गंगापूर रोडला एका हॉलमध्ये लहान मुलांच्या वापरलेल्या वस्तूंचा सेल लागतोय, आपण टॅग लावून आदल्या दिवशी नेऊन द्यायचं, ते विकणार, साठ टक्के आपले चाळीस त्यांचे, उरलेलं परत न्यायचं, वर दोनशे रुपये नोंदणी. सासूबाई म्हणतात कपडे बोहारणीला दे, एखादं पातेलं तरी येईल, हे म्हणतात ओएलएक्सवर टाक. परवडतं का हे सेलचं?

कॉलेजरोडकर
मोठ्या वस्तूंसाठी परवडतं, कपड्यांच्या नादी लागू नका. हिशोब करा ना, ऐंशी रुपयांचा फ्रॉक विकला तर हातात अठ्ठेचाळीस, त्यासाठी धुवा, इस्त्री करा, टॅग लिहा, सेफ्टीपिन लावा. फार तर लग्नाकार्यात एकदाच घातलेले परकर-पोलके आणि थंडीचे स्वेटर द्या, नोव्हेंबरच्या आधी सेल असेल तर ते जातात. प्रॅम आणि हाय चेअरला मात्र गिऱ्हाईक हमखास, मी नव्याच्या साधारण एक तृतीयांश किंमत लावते. पण स्वच्छ करताना हाय चेअरच्या पट्ट्याचं बकल उघडून बघा, आत नाचणीसत्व वाळून दगड झालेलं असतं, ते जुन्या टूथब्रशने काढा, कारण येणारी बाई पहिलं तेच बघते. प्रॅमच्या कापडाला पावसाळ्यात बुरशीचा वास लागतो, दोन दिवस कडक उन्हात टाका. आणि फॉर्मवर 'शेवटच्या दिवशी अर्ध्या किमतीत' असा रकाना असतो तो न वाचता सही करू नका, शिवाय वस्तू हरवली, मोडली तर कोण भरून देणार तेही विचारा. आमच्या वेळी एका आयोजकाने सायकलची घंटी गेली तर सरळ हात वर केले.

दोन_पोरांचा_बाप
कार सीट विकण्याआधी उलटी करून बघा, खाली किंवा मागे एक्स्पायरी नाहीतर बनवल्याची तारीख असते. तारीख उलटली असेल किंवा गाडीला जोरात धडक बसली असेल तर विकूही नका आणि कुणाला फुकट पण देऊ नका, आतलं प्लास्टिक तडकलेलं वरून दिसत नाही. घरात वॉकर असेल तर तोही राहू द्या, कॅनडात 2004 पासून त्याच्यावर बंदी आहे, सेकंडहॅन्ड विकायला सुद्धा, पोरं त्याच्यासकट जिन्यावरून पडतात म्हणून. बॅटरीवाल्या खेळण्यांच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का तेही बघा, बटणाएवढी चपटी बॅटरी पोटात गेली की फार वाईट. आपल्याकडे आयएसआय मार्क 2021 पासून सक्तीचा झालाय, त्याआधीच्या खेळण्यांवर नसला तरी नीट तपासून द्या.

पंचवटीची_काकू
अगं आमच्याकडे येते ती बोहारीण लहान पोरांचे कपडे बघून नाक मुरडते, तिला साड्या नि पॅन्टशर्ट हवेत, पातेलं सोड, गाळणी पण नाही देत. झबली-टोपडी मात्र विकू नको हं, बाळाला पहिलं झबलं जुनंच घालतात, नात्यात कुणाकडे तरी लागतातच.

रात्रपाळी_अंबड
ओएलएक्सवर टाकणार असाल तर एकच, कोणी फोन करून म्हणाला मी फौजी आहे, माझी बदली झालीय, न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील, तर फोन ठेवून द्या. पैसे यायला पिन टाकावाच लागत नाही, पिन टाकला की आपले जातात.

इंदिरानगरची_आई
थँक्यू सगळ्यांना! मग प्रॅम, हाय चेअर, सायकल सेलला देते, दोन-चार स्वेटर पण. झबली नणंदेला. बाकी कपड्यांचं बघू. बकल उघडून बघितलं कॉलेजरोडकर ताई, नाचणी नाही, खिमट निघालं.

सिडको_नवाबाबा
ताई, सायकल कितीला लावताय? सेलला नेण्याआधी रविवारी येऊन बघून जाऊ का? तेवढेच तुमचे चाळीस टक्के वाचतील.