केमोने स्तनाच्या कॅन्सरची गाठ विरघळली. आता ऑपरेशन टाळून नुसत्या रेडिएशनवर भागेल का?

निळी_छत्री: वय ५८. डावा स्तन, ६ सेंमीची गाठ, वर कातडी फुटून जखम, काखेतही गाठी. स्टेज ३बी (कातडीपर्यंत आलेला, पण दूर न पसरलेला), पेट स्कॅनमध्ये बाकी शरीर साफ. ८ केमो झाल्या. जखम भरली, गाठ हाताला लागत नाही. घरचे म्हणतात, कापाकापी नको, लाइट (रेडिएशन) घेऊ. चालेल?

काखेपर्यंत: नाही. हाताला लागत नाही म्हणजे आत काही उरलं नाही, असं होत नाही. केमोने गाठ एकसारखी आकसतेच असं नाही. कधी ती विरविरीत होते आणि जिवंत पेशींचे ठिपके इथे-तिथे राहतात. सोनोग्राफीला ते चुकतात. काय उरलं ते काढलेल्या स्तनाचा पॅथॉलॉजी रिपोर्टच सांगतो आणि पुढचं औषध त्यावर ठरतं: हर-टू पॉझिटिव्हमध्ये (गाठीच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त) उरलं असेल तर टी-डीएम१ हे इंजेक्शन, ट्रिपल निगेटिव्हमध्ये (हर-टू नाही आणि दोन्ही हार्मोन रिसेप्टरही नाहीत) कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. कातडीवर जखम होती, तेव्हा पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी, दोन्ही काढायचं धरून चाला.

ग्रे_मोजणारा: रेडिएशन तर ऑपरेशननंतरही लागणारच. ४० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) १५ दिवसांत किंवा ५० ग्रे २५ दिवसांत, शनिवार-रविवार सुट्टी. हा डोस मागे राहिलेल्या बारीक पेशींपुरता आहे. एकट्या रेडिएशनने मोठी गाठ मारायची तर ६० ग्रेच्या वर जावं लागतं. मग कातडी कडक होते, हात सुजतो आणि पुढे ऑपरेशनची वेळ आलीच तर जखम भरता भरत नाही. गाठ काढताच येत नसेल तेव्हाच तो रस्ता.

निळी_छत्री: मग स्टेज ४ ला (आजार दूर पसरलेला असताना) ऑपरेशन करत नाहीत ते का?

काखेपर्यंत: तिथलं गणित वेगळं. टाटा मेमोरियलने केमोला प्रतिसाद दिलेल्या ३५० स्टेज ४ रुग्णांवर चाचणी केली, निकाल २०१५ मध्ये आला. स्तनाचं ऑपरेशन व रेडिएशन दिलेल्या गटाचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण जितकं जगले तो काळ) १९.२ महिने, न दिलेल्यांचं २०.५. म्हणजे आयुष्य वाढलं नाही. जखम वाहत असेल, रक्त येत असेल तर ५ दिवसांत २० ग्रे देतात. वासासाठी मेट्रोनिडाझोल जेल.

सिम्युलेटर_टेबल: एक गोष्ट सगळे विसरतात, खांदा. प्लॅनिंगच्या सीटीला आणि पुढे रोज हात डोक्यावर धरून निजावं लागतं. काखेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडला की हात वर जात नाही आणि तारीख पुढे ढकलावी लागते. ऑपरेशननंतर पाणी काढायला लावलेली नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच. नळी निघाली की सर्जनला विचारून भिंतीवर बोटं चढवायची, दिवसातून ३-४ वेळा. डावी बाजू आहे, तेव्हा श्वास रोखून रेडिएशन मिळतं का तेही विचारा. छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब सरकतं. २० सेकंद श्वास धरायचा सराव आत्तापासून करून घ्या.